काकूंची खताची गाडी

आमच्या काकूंच्या कमरेला चाव्यांच्या जुडग्याबरोबर एक चुंबक असायचं. फुटक्या लाऊडस्पीकरमधून त्यांनी ते काढून घेतलं होतं आणि कुणी एखादी वस्तू 'अस्सल स्टीलची' म्हणाला की त्या ते लावून बघत. चिकटलं, की सांगणारा खोटा. एका लग्नात तर त्यांनी रुखवतातल्या डब्यांनाही ते लावलं. मुलीच्या मामाचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं.

राहुरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून, काकूंचं लग्नाचं लॉन होतं. काका गेल्यावर ते त्यांनी एकटीनं उभं केलं. बुकिंग सांभाळायला मी होतो. "पुतन्या हाय म्हून ठिवलाय, विश्वासानं न्हाई," असं त्या पाहुण्यांसमोर सांगत. केटरर तेल पळवतो, मांडववाला मुद्दाम हिरवळीत खुंट्या ठोकतो, आणि वरातीतले घोडे तर मालकानं शिकवल्यासारखे बरोबर लॉनवरच घाण करतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

खत तेव्हा घमेल्यातून मुठीनं फेकलं जाई. एका लग्नात ड्रोननं वरून शूटिंग झालं आणि हिरवळीवर गडद-फिकट चट्टे दिसले. मुलीचे वडील म्हणाले, "काकू, लॉनला गजकर्ण झालंय का?" काकूंनी आधी ड्रोनवाल्यावर संशय घेतला. मग स्वतः गच्चीवर जाऊन खात्री केली आणि मला म्हणाल्या, "चल नगरला. खताची गाडी घेऊ."

खताची गाडी म्हणजे दोन चाकांवरचं टोपलं. ढकललं की खालची चकती फिरते आणि दाणे चहूकडे सारखे उडतात. दुकानदारानं लालभडक रंगाची, पत्र्याची गाडी पुढे केली. काकूंनी तिला उलटी केली, केसातल्या आकड्यानं खालचा रंग खरवडला. "रंगाखाली काय हाय ते दाव. खत पत्रा खातंय, रंग न्हाई खात व्हय?" मग चकती फिरवणाऱ्या दात्यांची डबी उघडायला लावली. आत प्लॅस्टिकचे दाते निघाले. त्यांनी विचारलं, "हिचे सुटे भाग कुठं मिळत्यात?"

"काकू, ही बिघडतच नाही."

"म्हंजी मिळत न्हाईत."

शेवटी कोपऱ्यातली एक बेरंगी गाडी घेतली. टोपलं जाड प्लॅस्टिकचं, आस स्टेनलेस स्टीलचा, दाते धातूचे, चाकं हवेची. चुंबक आसाला चिकटलं नाही तेव्हा काकूंना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांनी चुंबकच बिघडलं की काय म्हणून ते दुकानाच्या शटरला लावून पाहिलं.

गाडी चालवायचा योहान. तो आमचा माळी, लॉनची पहिली काडी लावल्यापासूनचा. काकूंचे नियम त्याला पाठ होते. खत चाळून घ्यायचं. भरायचं ते फरशीवर, हिरवळीवर नाही, कारण सांडलं तिथं गवत जळतं. काम झालं की उरलेलं खत काढायचं, नाहीतर युरिया पाणी धरतो आणि त्याचा दगड होतो. मग गाडी धुवायची, उन्हात उलटी वाळवायची, आसाला तेल द्यायचं. एवढं सगळं झाल्यावर काकू येत, गाडी पुन्हा उलटी करत आणि चकतीच्या मागून बोट फिरवत. बोट कोरडं निघालं तर म्हणत, "आज कसं काय धुतलं?"

एका सकाळी त्यांना चाकाच्या खाचांत काळी माती दिसली. आमच्याकडे सगळा मुरूम. रस्त्यापलीकडे नवं लॉन झालं होतं, तिथली जमीन काळी. काकूंनी दोन्ही गोष्टी जुळवल्या आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं, "योहान, गाडी कुणाकडं फिरवून आनली?"

"कुठंच न्हाई, काकू."

"मग माती काय उडून आली?"

योहाननं गाडी धुतली, वाळवली, तेल दिलं आणि आपल्या गावाला निघून गेला. लग्नसराई तोंडावर आणि लॉनला माळी नाही. मला काकूंचा एवढा राग पूर्वी कधी आला नव्हता.

दोन दिवसांनी काकू पायरीवर चपला आपटत होत्या. तळव्यांना तीच काळी माती. मांडवामागच्या गुलाबांसाठी त्यांनीच मुळा धरणातला गाळ मागवला होता आणि ट्रॅक्टरवाल्यानं तो गाडीच्या शेडच्या वाटेवर ओतला होता. काकूंनी ती बोटानं खरवडून बघितली. मग म्हणाल्या, "टेम्पो काढ."

जी गाडी त्यांनी सख्ख्या भावाला दिली नव्हती, ती घेऊन आम्ही योहानच्या दारात गेलो. नाताळ जवळ आला होता. "तुमच्या चर्चच्या हिरवळीला खत टाक," काकू म्हणाल्या. "झालं की घिऊन ये." माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. निघणारही नव्हता.

नाताळ झाल्यावर योहान गाडी घेऊन कामावर आला आणि तपासणीची वाट बघत उभा राहिला. काकू म्हणाल्या, "ठिव आत," आणि घरात गेल्या.

योहान माझ्याकडे धावत आला. "दादा, काकूंनी गाडी उलटी केली न्हाई. त्यांना वाकवत नसंल. दवाखान्यात न्या." मी हसलो. तो काही केल्या ऐकेना, म्हणून नेलं. हृदयाचं दुखणं निघालं, तेही बरंच पुढे गेलेलं.

त्या दुखण्यातून काकू उठल्या नाहीत. दवाखान्यात त्यांनी योहानला जवळ बोलावलं. "सगळ्यांच्या आधी तुला कसं रं समजलं?"

"तुमी गाडी तपासली न्हाई, काकू. तवाच मला शंका आली."

काकूंना बोलायला दम लागत होता. "वाकायला काय, येत हुतं मला. तू धुतली हुतीस न्हवं? मग कशाला तपासू?"

योहान बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून हमसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.