केरबा अंबीचं माप

कृष्णेच्या पैलतीरावरनं नुसती हाक आली, तरी उतारू किती आहेत हे केरबा अंबी आवाजावरून सांगायचा. अंबी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नदीवर नाव चालवणारी माणसं. माणसं नावेत चढायला लागली की केरबाचा डोळा मागच्या फळीवर. ती पाण्यावर चार बोटं उरली की तो ओरडायचा, "बास! आता माजी सासू आली तरी घेनार न्हाई!" आणि सासू बिचारी खरंच दोनदा काठावर राहिली होती.

पण पंचेचाळीस सालच्या पुरात काठी निसटून त्याचा उजवा खांदा उखडला. हाडवैद्यानं बसवला, तरी हात डोक्याच्या वर जाईना. उन्हाळ्यात चालून जायचं. पण भरल्या नदीत काठीला रेटा द्यायचा कुठनं?

त्याचा मुलगा गुंडा तेव्हा फौजेत होता. ब्रह्मदेशातल्या नद्यांवर इंजिनाच्या होड्या चालवायचा. लढाई संपली आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचं खडकीहून पत्र आलं. फौजेची उरलीसुरली यंत्रं विकायला निघाली होती. नावेच्या मागच्या फळीला अडकवायचं छोटं इंजिनही त्यात मिळत होतं. 'काठी राहू द्या, पुरात काठीच्या मदतीला हे होईल. दोन जाती आहेत, एक आखूड दांड्याची, एक लांब दांड्याची. दांड्याच्या टोकाला पंखा असतो, तो पाण्यात पुरता बुडाला पाहिजे. फळीची उंची कळवा.'

केरबा नावेत गेला. फळीच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत सुतळी धरली, तिथं गाठ मारली आणि सुतळी पाकिटात घालून पाठवून दिली. जन्मभर त्यानं फळी अशीच मोजली होती, पाण्यावर किती उरली ती. पाण्याखालचं लाकूड मोजायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

गुंडानं त्या सुतळीबरहुकूम आखूड दांड्याचं इंजिन घेतलं. बापाचं माप; परत मोजायचा प्रश्नच नव्हता. गावी येऊन त्यानं ते फळीला अडकवलं, तर पंखा पाण्याला नुसता शिवत होता.

"तात्या, सुतळी कुटवर धरली हुती?"

"कुटवर म्हंजी? पाण्यापत्तुर."

गुंडा फळीकडं बघत राहिला. विकलेला माल खडकीवाले परत घेत नव्हते. "फळी पाच-सा बोटं तासायची का?"

"आन पुराचं पाणी आत आलं म्हंजी काढाय तुजा सुभेदार येनार व्हय?"

तेही खरंच होतं. गुंडा म्हणाला, "आसू द्या. बोजा पडला की नाव बसंल, पंखा बुडंल."

आणि बुडलाही. पोती भरून चार खेपा झोकात झाल्या. गावचे बागायतदार लालासाहेब काठावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "गुंडा, नागपंचमीला आमची मंडळी शिराळ्याला न्यायची हायेत. नीट नेलीस तर उसावरच्या पंपाचं इंजिन तुज्या हातात." शालूबाईनं, गुंडाच्या आईनं, त्याच आठवड्यात लेकासाठी पोरी बघायला सुरुवात केली.

नागपंचमीला नदी दुथडी भरलेली. नव्या लुगड्यातल्या बायका, पोरंबाळं, फेटेवाले, अशी नाव भरली. गुंडानं दोरी ओढली. इंजिन फटफटलं, धूर सुटला, तशा मागच्या बायका भिऊन पुढं सरकल्या. पुढं बोजा झाला तशी नावेची मागची बाजू उचलली. पंखा पाण्याबाहेर आला आणि इंजिन असं काही किंचाळलं, की उरलेलेही पुढं धावले! नाव गर्रकन फिरली आणि धारेला लागली. केरबानं डाव्या हातानं, दातओठ खात काठी रोवायचा प्रयत्न केला. अर्ध्या मैलावर नाव बाभळींत जाऊन अडकली. गेलं कुणी नाही. लुगडी फाटली, आणि लालासाहेबांचा फेटा कृष्णार्पण झाला.

काठावर आल्यावर उतारूंतल्या नानासो गुरवानं तोंड सोडलं, "गुंड्या, बर्म्यात काय म्हशी धूत हुतास?"

लालासाहेब भिजलेल्या डोक्यानं म्हणाले, "दांडा आखूड पडला. घरच्या नावंचं माप घेता येत न्हाई, त्यो माज्या इंजिनाला हात लावनार?"

गुंडानं बापाकडं बघितलं नाही. "चुकलं," तो म्हणाला. "माप माजंच चुकलं."

केरबा बाभळीला नावेचा दोर बांधत होता. त्यानं एकच गाठ तीनदा सोडून बांधली. अंब्याला आपल्या नावेचं माप कळत नाही म्हटल्यावर उद्या नावेत पाय कोण ठेवील? तो गप्प बसला.

गावात गुंडाला कुणी पाण्याची मोटसुद्धा दुरुस्त करायला बोलावलं नाही. जुळत आलेलं लग्नाचं बोलणं मोडलं. दसरा झाला आणि तो कोचीनला बंदरातल्या लाँचीवर निघून गेला. जाताना बापाच्या पाया पडला. त्या दिवशी शालूबाई एवढंच म्हणाली, "तुमी एक सबूद बोलला आसता तर..."

आधी महिन्याला कार्ड यायचं, मग तीन महिन्यांनी. त्यात तब्येतीची चौकशी असायची. येतो म्हणून कधी नसायचं.

दोन वर्षं झाली. एका बाजारच्या दिवशी उतारू जमले होते. लालासाहेबांनी पाहुण्यांना ती नागपंचमीची गंमत रंगवून सांगितली. पाहुणे पोट धरून हसले. केरबा उठून उभा राहिला.

"माप त्येचं न्हवतं. सुतळी म्या धाडली. पाण्यापत्तुरच मोजलं म्या. पोराचं काय बी चुकलं न्हाई."

मग नानासो मायेनं म्हणाला, "बाप हाय गड्यानू, पोराचं आंगावर घेनारच."

"आवं, इठोबाची आण..."

"केरबा," लालासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "साऱ्या नदीला ठावं हाय. तुजं माप कवा चुकलंय का?"

आणि एकेकजण नावेत चढू लागला.

घरी आल्यावर त्यानं शालूबाईला सांगितलं, "आज बोललो. समद्यांम्होरं."

"मग?"

"कुनाला पटलं न्हाई."

शालूबाईनं त्याच्यापुढं ताट सरकवलं आणि ती चुलीकडं तोंड करून बसली.