नाल्यातलं सोनं आणि काथ्याचं पायपुसणं

गाळाचं आणि किश्शांचं एकच आहे. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही, तरी तळाशी साचत राहतात. हिंगणघाटात माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच्या तळाशी सगळ्यात जास्त साचलेत ते गंगावहिनी आणि माणिकभाऊ.

हे नवरा-बायको झारेकरी. सराफ्यातली धूळ आणि नालीतला गाळ गोळा करायचा, गावाबाहेरच्या नाल्यावर धुवायचा आणि खसखशीएवढे सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा धंदा. यंदा मुलीचं लग्न ठरलं. वहिनींनी जाहीर केलं, पोरीच्या गळ्यातलं डोरलं नाल्यातल्याच सोन्याचं होईल, विकतचा एक कण नाही. मग काय, सामानाची खरेदी एकदम सीरियस!

*

आधी घमेलं. मी बेस्ट स्टीलचं काढलं, आरशासारखं. वहिनींनी त्यात पाहून पदर नीट केला आणि परत दिलं.

"यात माहंच तोंड दिसते, भाऊ. सोनं कुठून दिसन? काळं द्या."

काळं प्लास्टिकचं घेऊन गेल्या. तेव्हापासून हे ज्ञान मी गिऱ्हाइकांना माझं म्हणून ऐकवतो.

*

तेलाचा हात लागला की बारीक सोनं बुडत नाही, तरंगत निघून जातं. माणिकभाऊंनी नाल्यावर भजी खाल्ली आणि तोच हात घमेल्यात घातला. सकाळपासूनची मेहनत डोळ्यांदेखत वाहून गेली!

संध्याकाळी वहिनी साबण घ्यायला आल्या. घमेल्यासाठी का, मी विचारलं.

"नाई. ह्यायच्यासाठी."

*

वहिनींचा भाऊ दिलीप ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर घेऊन समुद्रपूरहून आला. म्हणे, धूत काय बसता, हे मशीनच सांगते. दिवसभर नाल्यात फिरवला. बाटल्यांची झाकणं निघाली, खिळे निघाले, बैलाची नाल निघाली. खसखशीएवढं सोनं काही त्याला ऐकू येईना. वैतागून खाली ठेवताना डिटेक्टर माणिकभाऊंच्या कमरेजवळून गेला आणि असा कोकलला, की विचारू नका. कमरेला तंबाखूची डबी! भाऊंनी पोळ्याला शपथ घेऊन तंबाखू सोडली होती.

"मशीन कामाची हाय, दिलीप," वहिनी म्हणाल्या. "ठेवून जाय."

*

मग सराफ्यातले सोनार एकेक करून माझ्याकडे पायपुसणं घ्यायला यायला लागले. सगळ्यांना जाड काथ्याचंच हवं. गंगावहिनींनी सांगितलं म्हणे, आणि जुनं मी नेईन असंही म्हणाल्या. माझा माल खपला, पण कारण विचारल्याशिवाय राहवेना.

"लक्ष्मी पायानंच येते, भाऊ. जाते बी पायानंच."

सोनाराच्या तळव्याला चिकटलेला सोन्याचा कीस काथ्यात अडकतो, हे मला तेव्हा कळलं.

*

लग्न तोंडावर आलं तेव्हा सोनं जेमतेम जमलं होतं. सोनारानं बजावलं, घडवताना थोडी घट येईलच. वहिनी थेट माझ्या दुकानात आल्या. माझ्याकडून सगळ्यात जाड पायपुसणं निवडलं आणि मलाही सोबत नेलं.

सोनाराच्या बैठकीपुढे त्यांनी ते स्वतः अंथरलं आणि समोर मांडी घालून बसल्या. तो कानस चालवतोय, ह्या बघताहेत. चहा आला, निवला. शेवटच्या मण्याला सोनं कणभर कमी पडलं.

"येवढंसं माह्याकडचं टाकतो, वहिनी. कोणाले समजते?" म्हणत सोनार कपाटाकडे जायला उठला. वहिनींनी हात आडवा केला.

"थांबा, बाप्पा. पाय पुसा."

सोनारानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. त्यानं मुकाट्यानं एक पाय पुसला.

"दुसराबी."