डाग चेहऱ्याचा की काचेचा

माझी धाकटी बहीण एका वेधशाळेत फोटो तपासायची. तिच्याबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. मी फोटोग्राफर, लिहिणं हे माझं काम नव्हे. पण ज्यांना लिहिता येतं त्यांनी तिला काम करताना पाहिलेलं नाही. म्हणून मीच बसलोय.

सुरुवात माझ्या चुकीपासून करावी लागते. आमचा स्टुडिओ होता. मी फोटो काढायचो, ती छापायची. एकदा ती तापानं आडवी झाली, म्हणून एका बेकरीवाल्याचा फोटो मीच छापला. त्याच्या हनुवटीवर पांढरा ठिपका दिसला. धूळ असणार, असं समजून बारीक ब्रशनं शाई लावून बुजवून टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. फोटो काउंटरवर आपटला.

"हा कोण?"

"तुमचा मुलगा, काकू."

"माझ्या लेकाच्या हनुवटीवर व्रण आहे. शिडीवरून पडला तेव्हाचा. हा कुणाचा उचलून आणलात?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बरी झाल्यावर बहिणीनं तीच निगेटिव्ह छपाईच्या मशीनमध्ये घातली आणि हळूहळू फिरवली. मशीनच्या काचेवरची धूळ जागची हलली नाही. व्रण मात्र चेहऱ्याबरोबर फिरला.

"दादा, पुसण्याआधी फिरवून बघत जा. डाग चेहऱ्याचा की काचेचा, कळतं लगेच."

त्या दिवसापासून मी तिला भिंग म्हणू लागलो.

फिल्मचे दिवस संपले आणि तिला वेधशाळेत नोकरी लागली. डिग्री नाही, काही नाही. दुर्बिणीतून आलेल्या फोटोंतले खराब बाजूला काढायचे, एवढंच काम. तिथे तरुण ताऱ्यांजवळ तपकिरी बटू शोधत. ती मला समजवायची, "तारा व्हायला निघालेला, पण वजनात कमी पडला आणि पेटलाच नाही, असा गोळा. नवा असतो तोवर अंगात जन्माची ऊब असते. तेवढ्यातच दिसला तर दिसला." शेजारच्या ताऱ्याच्या झगमगाटात तो हरवतो. म्हणून दुर्बिणीत बारीक चकती घालून तारा झाकायचा आणि कडेला काही उरतं का ते बघायचं.

एका ताऱ्याचे असेच दोनशे फोटो आले. चकतीशेजारी एक ठिपका होता. कॅमेऱ्याच्या काचेवर तिथे धूळ आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून संगणक ती जागा आपणहून पुसायचा. बहीण मात्र न पुसलेले फोटो एकामागून एक बघत बसली. दुर्बीण ताऱ्याचा पाठलाग करते तसं आकाश फोटोत हळूहळू फिरतं, काच फिरत नाही. शंभराव्या फोटोपर्यंत एका ठिपक्याचे दोन झाले होते. धूळ जागेवरच होती. तिच्या आडून दुसरा ठिपका हळूच बाहेर सरकला होता.

संगणक सांभाळणारा हसला. "ताई, हे लग्नाचे फोटो नाहीत."

"म्हणून तर सांगते. लग्नाचा फोटो पुन्हा काढता येत नाही. हा येतो."

विभागाच्या मॅडमनी दोनशेच्या दोनशे पाहिले. "ठिपका आकाशातलाच आहे, मान्य. पण मागचा एखादा दूरचा ताराही असेल. वर्षभरानं पुन्हा फोटो घ्यावा लागेल. आपला तारा तोवर थोडा सरकेल. हा सोबत सरकला तर त्याच्या घरचा, मागे राहिला तर वाटसरू. दुर्बिणीची वेळ मागायची तर कुणाच्या शब्दावर मागू?"

"माझ्या," ती म्हणाली.

मॅडमनी अर्जावर तसंच लिहिलं. ठिपका वाटसरू निघाला असता तर तिचा शब्द तिथे कुणी पुन्हा ऐकला नसता. वर्षभर माझ्या बायकोनं तिला चिडवलं, "काय वन्सं, पाहुणे थांबले की गेले?" ती हसायची, पण जेवण कमी झालं होतं.

वर्षानं फोटो आला. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच मोजा." तिनं तीनदा मोजलं. मग संगणकवाल्याला मोजायला लावलं. त्यानं मोजलं, खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "ताई, बसा तुम्ही."

दुपारी स्टुडिओत फोन वाजला. "दादा, सोबत आलाय तो!" बायकोनं माझ्या हातून फोन ओढून घेतला.

रविवारी ती फोटोची छापील प्रत घेऊन आली. मधोमध काळी चकती आणि कडेला बारीकसा ठिपका. चष्मा लावून मी कागद जवळ घेतला आणि सवयीनं बाहीनं पुसला.

"दादा!" ती ओरडली. "तोच तो!"

बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी ओशाळलो. "माझ्या चष्म्यावरचा तर नाही ना?" मी विचारलं.

"फिरव की," बहीण म्हणाली.

मी कागद हळूहळू फिरवला. ठिपका ताऱ्याला धरून गोल फिरला.

"चेहऱ्याचाच आहे," मी म्हणालो.