सरसाने जोडलेली बेस गिटार

तुम्ही शेवटची जुनी वस्तू विकलीत, मग ती सायकल असो, टेपरेकॉर्डर असो की म्हैस, तेव्हा घेणाऱ्याला तिचे सगळे दोष स्वतःहून सांगितले होते का?

मी सांगितले होते. छापून सांगितले होते.

माझं लहानपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील युनियनचं काम करायचे. घरात कपाटाखाली पत्रकं, गादीखाली पत्रकं, आणि माझी गणितंही पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. सत्य ठळक टायपात छापलं आणि भिंतीवर डकवलं की लोक जागे होतात, यावर माझा पक्का विश्वास होता. पुढे शिरूरच्या एका छापखान्यात प्रूफं तपासायला लागले. रोज शेदोनशे लग्नपत्रिका आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचूनही तो विश्वास हलला नाही. यावरून काय ते समजा.

दौंडला आमच्या शेजारी एक ख्रिश्चन अंकल राहायचे, रेल्वेत ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर स्टेशनच्या पलीकडे दोन खोल्या घेऊन राहिले. तरुणपणी रेल्वेच्या हॉलमध्ये नाच व्हायचे, तेव्हा ते तिथे बेस गिटार वाजवायचे. बेस म्हणजे चार जाड तारांची, खालच्या आवाजाची गिटार. वाजते तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण थांबली तर नाचणाऱ्यांची पावलं चुकतात. अंकल मला म्हणायचे, "बेबी, ये तेरे बाप का युनियन है. चालू है तो किसी को मालूम नहीं, बंद पड़ा तो सबको मालूम."

गेल्या वर्षी अंकल कायमचे लेकीकडे परदेशी निघाले. विमानात दोन बॅगा नेता येणार होत्या. गिटार आणि तिची आवाजाची पेटी मागे राहणार होती. ती विकायचं काम मी अंगावर घेतलं. अंकलची एकच अट होती. "बजाने वाले को देना. टांगने वाले को नहीं. दीवार पे टांगी तो मैं मर गया समझो."

मी त्यांना शब्द दिला आणि लगेच पत्रक लिहायला बसले. वर 'जाहीर निवेदन', खाली मजकूर: गिटार वीस वर्षं वापरलेली आहे. दांडा डोक्याजवळ एकदा मोडला होता, तो सरस लावून जोडला आहे. आवाजाचं बटण खरखरतं. सगळ्यात जाड तार गंजली आहे. खालच्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे. पेटी तासभर चालली की जळका वास येतो. म्हणून भाव आधीच निम्म्यावर आणला आहे. वरील सर्व मान्य असून जो स्वतः वाजवणार असेल, त्यानेच छापखान्यात भेटावे. असं पत्रक माझ्या वडिलांनाही जमलं नसतं. शिरूरच्या एसटी स्टँडवर, न्हावऱ्यात चहाच्या टपरीवर आणि शिक्रापूरच्या फाट्यावर मी ते स्वतः खळ लावून चिकटवलं.

लोक खरोखर जागे झाले. पहिला आला शिरूरचाच एक ऑर्केस्ट्रावाला. त्याने गिटार बघायलाही मागितली नाही. "ताई, दोष काढायचं काम आमचं असतंय. ते तुम्हीच करून बसला, आता आम्ही काय बोलायचं? भाव पाडायचा कुठनं?" मी म्हटलं, भाव आधीच पाडून छापलाय. त्याने हात जोडले. "मग तर न्हाईच. जे छापलंय ते एवढं, तर न छापलेलं केवढं आसंल!"

दुसऱ्यानेही हेच सांगितलं. तिसरा नुसता पत्रक परत करून गेला.

चौथ्याला मात्र पत्रक फार आवडलं. त्याचं शिक्रापूरला हायवेवर गार्डन हॉटेल होतं. पत्रकातला एकेक दोष वाचून त्याचा चेहरा खुलत गेला. "वाजत न्हाई ना नीट? बेस झालं. वाजणारी आसली की गिऱ्हाईकं हात लावत्यात. आमच्याकडं फॅमिली रूममध्ये बैलगाडीचं चाक लावलंय, त्याच्या शेजारी खिळा मारून ठेवलाय." तो छापलेल्या भावाच्या वर द्यायला तयार होता. माझ्या सत्याने संपूर्ण तालुक्यातून वेचून एकच माणूस आणला होता, आणि तो नेमका टांगणारा होता. सोमवारी गाडी घेऊन दौंडला येतो, असं सांगून तो गेला. अंकलचं विमान त्याच आठवड्यात होतं.

शनिवारी न्हावऱ्याचे एक आप्पा छापखान्यात आले. पन्नाशीचे, डोक्याला फेटा, वरातीत वाजवणारी स्वतःची बेंजो पार्टी. बेंजो स्वतःच वाजवायचे, पण बोटं दुखू लागली होती. त्यांना मोठ्या तारांचं, सावकाश वाजणारं काहीतरी हवं होतं. "वरचा आवाज लई झाला आयुष्यात. आता खालचा वाजवू म्हनलं." त्या एका वाक्यावर मी त्यांना गिटार फुकट दिली असती. रविवारी त्यांना दौंडला घेऊन गेले.

आप्पांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. मेंढरू घेताना पाठीवरून हात फिरवतात, मांस किती आणि हाड किती ते बोटांना कळतं. आप्पांनी गिटार आडवी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि दांड्याच्या पाठीवरून अंगठा खालून वर नेला. सरसावर अंकलनी पॉलिश मारलं होतं. अंगठा चिरेवरून न अडखळता गेला.

"कशी हाय?" आप्पांनी विचारलं.

"एकदम नई," अंकल म्हणाले. "एक दाग नहीं."

मी दचकले. "अंकल, पण आपण तर..."

"बेबी, चाय रख."

आणि सौदा सुरू झाला. आप्पांनी टवका शोधला आणि विजयी मुद्रेने बोट ठेवलं. अंकलनी तो आजच पहिल्यांदा दिसल्यासारखं केलं. मग गिटार पेटीला जोडली, बटण खरखरलं, आप्पांनी तोंड वाकडं केलं. तार गंजलेली निघाली, आप्पा उठून चपला घालायला गेले, अंकलनी हाताला धरून बसवलं. पेटीला वास येतो म्हटल्यावर अंकल म्हणाले, तो शेजारच्या स्वयंपाकाचा. दोघंही इतके खुशीत होते की चहा निवला. माझ्या पत्रकातला एकेक दोष आप्पा स्वतः शोधून काढत होते, आणि शोधलेला प्रत्येक दोष त्यांना पटत होता.

शेवटी त्यांनी आवाज मोठा करून जाड तार एकदा छेडली. कपबशा थरथरल्या. अंकल खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मग आप्पा माझ्याकडे वळले. "ताई, त्या कागदात दांडा मोडलाय म्हनून लिवलंय. ते खोटं ना? खरंच मोडला आसता तर कुनी छापलं आसतं व्हय?"

अंकल वळले नाहीत. सोमवार उद्यावर आला होता आणि हॉटेलातला खिळा वाट बघत होता.

मी म्हटलं, "तुम्ही हात फिरवलात की, आप्पा. लागली का कुठं चीर?"

"न्हाई."

"मग?"

आप्पा हसले. सौदा ठरला. तासाभराने एसटीच्या टपावर, एप्रिलच्या उन्हात, गिटार न्हावऱ्याकडे निघाली. सरस उन्हाने मऊ होतो, हे मला माहीत होतं. अंकलनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अब आया तुझे बेचना." आयुष्यात मला मिळालेलं एवढं लाजिरवाणं कौतुक दुसरं नाही.

पुढच्या रविवारी मी न्हावऱ्याला गेले आणि आप्पांना सगळं सांगितलं. दांडा खरंच मोडलेला आहे, उन्हात ठेवू नका, वाजवून झालं की तारा सैल करा, जोडावर ताण नको. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हाटेलवाल्यानं जास्ती देऊ केलेत व्हय? ताई, सौदा झालाय. आता मालाला नावं ठेवून परत मिळत न्हाई."

मी दोनदा पत्र टाकलं. छापलेलंही पाठवलं. त्यांनी ते बेंजोच्या पेटीवर धूळ बसू नये म्हणून अंथरलंय, असं कळलं.

तेव्हा हे काम आता तुम्हीच करा. न्हावऱ्यापासून वढू बुद्रुकपर्यंत कुठल्याही वरातीत, जीपच्या मागे फेटेवाले आप्पा चार तारांची, कोपऱ्याला टवका उडालेली गिटार वाजवताना दिसले, तर थांबा. माझं नाव काढू नका. गिऱ्हाईक असल्यासारखे जवळ जा, गिटार विकणार का म्हणून विचारा, दांड्यावरून हात फिरवा, डोक्याजवळ थांबा आणि तोंड वाकडं करून म्हणा, "आप्पा, हे सरसानं जोडलंय. उन्हात सुटंल. सावलीत ठेवा, तारा सैल करा."

तुम्ही दोष काढलात तर ते ऐकतील.