उभे बाबू

पेन्शनच्या खोलीत धड अशी एकच खुर्ची होती, आणि ती बाबूंची होती. पण त्या खुर्चीत बाबूंना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जो म्हातारा किंवा जी म्हातारी कागद घेऊन येईल, त्यांना ते टेबलाला वळसा घालून आत बोलवायचे, खुर्चीत बसवायचे आणि स्वतः उभ्याने लिहायचे. एक पाय जमिनीवर, दुसरा कपाटाच्या खालच्या फळीवर, बगळ्यासारखा. कोणी संकोच केला तर म्हणायचे, "बसा ना. मले खुर्चीत झोप येते." आम्ही बाकावरच्या बायका त्यांना उभे बाबूच म्हणायचो.

माझे मालक शहराच्या पाणीखात्यात नळ सोडायचे. रिटायर व्हायला चार महिने असताना गेले. त्यांच्यामागे मला पेन्शन मिळायची होती, तिच्यावरच घर चालणार होतं. म्हणून मी कामठीहून शेअर ऑटोने त्या कचेरीत जात असे. माझं घोडं अडलं होतं फोटोवर. नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. तो त्यांनी वेळेवर काढून घेतला होता. पण स्टुडिओत फोटोवाला "वहिनी, वर पाहा" म्हणाला आणि मी पदर आणखी पुढे ओढला. फोटोत मालक छान आले. माझं नुसतं नाक आलं. मालक म्हणाले होते, "राहू दे, तुझं नाक ओळखू येते." ते गेल्यावर फाइलवर शेरा आला, पत्नीचा चेहरा दिसत नाही, नवीन एकत्र फोटो जोडावा.

नवीन कुठून जोडणार?

बाबूंनी तो फोटो खिडकीजवळ नेऊन पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "नाक तर तेच हाय," म्हणाले, "पण साहेब नाकावर सही नाही करत, बाई."

माझ्यासारख्या आणखी सहा जणी होत्या. कोणाचा फोटोच नव्हता, कोणाचा पुरात गेला होता. ही अटच काढून टाका, ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्या, असा कागद बाबूंनी तीनदा वर पाठवला होता. तीनदा तो "चर्चा करावी" असं लिहून परत आला. बाबू वर बघून म्हणायचे, "आता कोनाशी चर्चा करू? पंख्याशी?"

त्यांना असल्या सुधारणांचा नादच होता. माणूस रिटायर होऊन घरी बसल्यावर त्याची फाइल उघडायची ही तिथली जुनी रीत. बाबू वर्षभर आधीच फॉर्म घेऊन माणसाला गाठायचे. लोक घाबरायचे. प्रतापनगरातला एक ड्रायव्हर त्यांना पाहून संडासात जाऊन बसला. त्याला वाटलं, आपल्याला नोकरीतून काढून राहिले. बाबूंनी दाराबाहेर उभं राहून सगळा फॉर्म विचारून भरला. "बायकोचं नाव सांगा. जोरानं सांगा गा, नळ चालू हाय!"

एक दिवस मी खुर्चीत बसले होते, समोर रजिस्टर उघडं होतं आणि बाबू मागच्या खोलीत फाइल शोधत होते. तेवढ्यात एक नवे साहेब आत आले. सांगून आले नव्हते. सरळ मला म्हणाले, "किती प्रकरणं अडकली आहेत?"

मला वाटलं, मलाच विचारतात. मान खाली घालून म्हटलं, "फोटोची सात."

"काय अडचण आहे?"

"साहेब, आमचे नवरे वारले. आता फोटोले त्यायले कसं आणाव?"

"मग वर का नाही कळवलं?"

"तीनदा कळवलं. चर्चा करा म्हणून परत आलं."

"केली का चर्चा?"

मला खोटं बोलता येत नाही. "बाबूजी पंख्याशी करतात," मी म्हटलं.

बाकावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. तेवढ्यात बाबू डोक्यावर कोळ्याचं जाळं घेऊन बाहेर आले. साहेबांना ते शिपाई वाटले. "मॅडमना पाणी आण," म्हणाले. आणि बाबूंनी खरंच आणून दिलं! मी तो पेला दोन्ही हातांनी धरून बसले. साहेबांनी तो तीनदा परत आलेला कागद मागून घेतला, उभ्याउभ्या वाचला आणि घेऊन गेले.

आठवड्याने हुकूम आला. फोटोची अट गेली, दोन सह्या पुरेत. खाली लिहिलं होतं, विभागातील महिला कर्मचाऱ्याने निदर्शनास आणून दिल्याप्रमाणे. बाबूंनी ते सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं. "बाई, तुम्ही तं बिनापरीक्षेच्या नोकरीले लागल्या!"

माझी पेन्शन सुरू झाली. पुढे बाबू स्वतः रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी त्यांना सांगायचं एक वाक्य मी ऑटोत घोकत गेले होते. दारापाशी ते समोर आले आणि ते वाक्य तोंडातून निघेना. ते हसले. "काहून लाजून राहिल्या? नोव्हेंबरात मी बी येतो ना लाइनीत. तवा सांगा."

नोव्हेंबरात आम्हा पेन्शनवाल्यांना जिवंत असल्याची सही करायला जावं लागतं. मोबाइलवरही होते म्हणतात, पण मी गेले. माझी सही पहिल्याच दिवशी झाली. तरी पुढचे चार दिवस जाऊन बाकावर बसत होते. पाचव्या दिवशी नव्या क्लार्कने विचारलं, "मावशी, तुमचं तर झालं ना?" मी बाबूंचं नाव सांगितलं. त्याने यादी माझ्याकडे फिरवली. बाबू दिवाळीआधीच गेले होते. नावावर लाल रेघ होती, घाईत मारलेली, निम्मी खालच्या नावावर गेलेली.

"रेघ तरी नीट मारायची होती गा," मी म्हटलं.

त्या कचेरीत एवढ्या मोठ्याने मी आजवर बोलले नव्हते. सगळी लाइन वळून माझ्याकडे पाहत होती, आणि मी पदर ओढला नाही.