पहिला मान दाजींचा

गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवणाऱ्या या माणसाला गल्लीने ‘शास्त्रज्ञ’ हे नाव ठेवलं होतं. ठेवलं कुचेष्टेने, यानं मिरवलं पदवीसारखं. कर्तबगारी काय, तर गाडीच्या पुढच्या काचेला आतून लावायचा तो चंदेरी पडदा असतो ना, त्याच्या कडेला यानं एक पट्टा शिवला. पडदा पिळून घडी केली की त्याच पट्ट्यात अडकवायची. संपला शोध! त्यावर पेटंट मिळवलं आणि तेव्हापासून गिऱ्हाइकाला पेटंटची कथा ऐकवल्याशिवाय हा माप घेईना.

मग सख्ख्या मेहुण्यानं तसलेच पडदे विकायला काढले.

“भिकेला लावतो त्याला!” हा घरात गरजला.

“माझा भाऊ आहे तो,” बायको म्हणाली.

“म्हणून तर नुसता दावा लावतोय.”

मेहुण्यानं उलट अर्ज टाकला, की हे पेटंटच रद्द करा. पेटंट कचेरीत सुनावणीला जाताना याच्या वकीलबाईंनी जिन्यातच बजावलं, “काका, अर्ज करण्याआधी ही वस्तू लोकांत फिरली असेल तर ती नवी धरत नाहीत. पेटंट जातं. विचारतील तेवढंच बोला.”

“मी काय कुकुलं बाळ आहे?”

आत टेबलावर दोघांचे पडदे शेजारी शेजारी पडले होते. मेहुणा अधिकाऱ्याला म्हणाला, “साहेब, आमच्या दाजींना साधी छत्री मिटता येत नाही. हे कसले शोध लावतात? माझं बघून शिवलंय यांनी.”

झालं. वकीलबाईंनी बाही ओढली, यानं हिसडा दिला.

“तुझं बघून? अरे, तुझ्या लग्नात आहेर काय केला होता मी? हाच पडदा! अख्ख्या टॅक्सी स्टँडला फुकट वाटले होते. पेटंटचं तर मला नंतर कितीतरी वर्षांनी सुचलं!”

अधिकाऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे अर्जाच्या आधीपासून लोक वापरत होते?”

“कितीतरी आधीपासून! टॅक्सीवाल्यांना विचारा!”

“कशाला विचारायचं?” मेहुणा हात जोडून म्हणाला. “दाजी, पटलं. पहिले तुम्हीच.”

पेटंट रद्द झालं. वकीलबाई जिना उतरून गेल्या, याच्याकडे न बघता.

“काय झालं हो?” घरी बायकोनं विचारलं.

“तुझ्या भावानं सगळ्यांदेखत कबूल केलं, पहिला मीच.”

“मग आता तो पडदे विकायचं थांबवणार?”

“छे! आता कुणीही विकू शकतो,” हा पाय पसरून बसत म्हणाला. “पण पाणी उतरवलं की नाही त्याचं?”