दुपारचा जोड

उत्तनच्या इनास बोर्जीसला एक सवय होती. कुठेही लोखंडाचा तुटलेला सांधा दिसला की तो उचलून उजेडात धरायचा आणि तुटलेल्या तोंडाकडे बघत बसायचा. ही सवय त्याला लढाईच्या दिवसांत माझगावच्या एका गोदीत लागली. मासेमारीत मन रमेना म्हणून तो तिथे हमाल म्हणून गेला आणि तीन वर्षांत वीजवेल्डिंग शिकून बसला. तिथला तपासनीस नव्या माणसाचा प्रत्येक जोड घणाने तोडायला लावायचा आणि विचारायचा, आत काय दिसतंय ते सांग. भोकं दिसली तर हवा किंवा ओल शिरली. कडेला चर पडला तर वीज जास्त झाली किंवा हात घाईत फिरला. जोड वर फुगून बसला आणि खालचा पत्रा तसाच कोरा राहिला, तर वीज कमी पडली. इनास असे तुकडे डब्यातून घरी आणी आणि खिडकीत ओळीने मांडी. त्याची बायको कार्मेलीन सुरुवातीला कुरकुरली. मग तीच एकेक तुकडा हातात घेऊन, याला काय झालं होतं, असं विचारू लागली.

लढाई संपली, गोदीतली माणसं कमी झाली आणि इनास गावी परतला. सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत त्याला भायंदरच्या नवघरजवळ काम लागलं. मिठागरातल्या मजुरांसाठी गोड्या पाण्याची लोखंडी टाकी बांधायची होती. आठ फूट उंच, दोन सुती म्हणजे पाव इंच जाड पत्र्याची. भायंदरात तेव्हा अशा कामाला वीज कुठली, म्हणून ठेकेदाराने लष्कराच्या मोडीतून इंजिनावर चालणारा वेल्डिंगचा संच आणला होता. संच एक आणि वेल्डर दोन. सकाळी अकरापर्यंत इनास काम करी. दुपारी बाळा म्हात्रे. बाळा नवघरचाच, आगरी, इनासहून आठ-दहा वर्षांनी लहान आणि कामाला अगदी शांत.

टाकी उभी राहिल्यावर काळूराम मुकादमाने ती तपासायला घेतली. सांध्यांना बाहेरून चुना फासला, तो वाळू दिला आणि आतून रॉकेल लावलं. जिथे बारीकसं भोक असेल तिथे रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्या चुन्यावर काळपट डाग उमटतो. अर्ध्या तासात बाळाच्या सांध्यांवर सतरा डाग उमटले. इनासच्या सांध्यांवर एकही नाही.

मुकादमाने बाळाला शनिवारी हिशेब घेऊन जायला सांगितलं. इनासला मात्र ते पटेना. त्याने बाळाचा हात कामावर पाहिला होता. वेल्डिंगचा रॉड पत्र्यापासून जेवढा जवळ धरायला हवा तेवढाच तो धरी आणि चाल एकसारखी ठेवी. अशा हाताच्या जोडात भोकं का पडावीत? त्याने छिन्नीने बाळाचा एक सांधा वीतभर उकलला. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी होती.

पहिला संशय त्याला रॉडवर आला. रॉडवरचा लेप मिठागराच्या दमट हवेत ओल धरत असणार. सकाळी उघडलेल्या पुड्यातले उरलेले रॉड दुपारी बाळाच्या वाट्याला येत होते. संध्याकाळी त्याने दहा रॉड सायकलला बांधून उत्तनला नेले. कार्मेलीनने ते तव्यावर पसरले आणि शेगडीपाशी बसून उलटेपालटे केले.

“बोंबील वाळवावं तसं वाळवतेय,” ती म्हणाली. “पण ओल रॉडात हाय, हे तुमाला कोनी सांगितलं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाने त्याच खडखडीत वाळलेल्या रॉडांनी दोन पत्रे जोडले. जोड तोडला तर आत पुन्हा जाळी.

मग इनासने मुकादमाकडे एक दिवस मागितला. पाळ्या बदलायच्या, सकाळी बाळा, दुपारी आपण. मुकादमाला यात वेळ फुकट जातोय असंच वाटलं, पण शनिवारपर्यंत बाळा होताच, म्हणून त्याने मान हलवली. सकाळी बाळाने नमुन्याचे पत्रे जोडले. दुपारी इनासने जोडले. त्या दिवशी त्याने गोदीतही घेतली नव्हती इतकी काळजी घेतली. गंज घासून काढला, रॉड जवळ धरला, घाई केली नाही. मग दोन्ही जोड घणाखाली गेले.

बाळाचा जोड आतून भरीव आणि राखाडी निघाला. इनासच्या जोडात जाळी होती.

सोळा वेल्डरांच्या गोदीत ज्याचे जोड सगळ्यांत चांगले म्हणून दाखवले जायचे, त्याचं हे काम होतं. पण थोड्या वेळाने शरमेच्या जागी दुसरंच काही आलं. तुकडा हातात घेऊन तो बाळाला म्हणाला, “खोट तुज्या हातात पन न्हाय न् माज्या पन न्हाय. दुपारीच कायतरी घडतंय.”

बाळा म्हणाला, “इनासदादा, तू सकाळी काम करतोस तवा धूर सरळ वर जातो. दुपारी माझा धूर आडवा पळतो. मी रोज बगतो, पन त्यात सांगन्यासारखं काय हाय, असं वाटलं.”

इनासने मान वर केली. अकरा वाजले की खाडीच्या बाजूने खारा वारा सुटायचा आणि दिवेलागणीपर्यंत थांबायचा नाही. रॉडवरचा लेप जळतो, त्याचा वायू होतो आणि तो वायू वितळलेल्या लोखंडावर पांघरुणासारखा बसतो, म्हणून हवा आत शिरत नाही. हे तो गोदीत शिकला होता. पण गोदीतलं काम छपराखाली चालायचं. वारा ते पांघरूण उडवून नेईल, हे त्याला तिथे कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो भावाच्या होडीचं जुनं शीड घेऊन आला. बांबू रोवून त्यांनी वाऱ्याच्या तोंडाला ते ताणून बांधलं. दुपारी एक वाजता, एकाच पुड्यातल्या रॉडांनी, बाळाने एक जोड शिडाआड केला आणि एक उघड्यावर. या वेळी मुकादम स्वतः घण घेऊन उभा राहिला. उघड्यावरचा जोड दुसऱ्या घावाला तुटला आणि आत जाळी दिसली. शिडाआडचा पाचव्या घावाला वाकला, पण तुटला नाही. मुकादमाने दोन्ही तुकडे बराच वेळ निरखले आणि बाळाला सांगितलं, “शनवारचं सोड. ते सतरा डाग आदी उकल.”

सहा दिवस त्यांनी दुपारचे सगळे सांधे छिन्नीने उकलले आणि शिडाआड पुन्हा भरले. पुन्हा चुना लागला, पुन्हा रॉकेल. डाग उमटले नाहीत. फक्त तळाच्या एका कोपऱ्यात केसाएवढी काळी रेघ आली. ते भोक नव्हतं, चीर होती. हा कोपरा सगळ्यांत शेवटी भरला होता. दोन्हीकडचे पत्रे आधीच जखडलेले, त्यामुळे थंड होताना आकसायला जोडाला जागाच उरली नसावी, असा इनासने अंदाज केला. चिरेच्या दोन्ही टोकांना त्याने गिरमिटाने भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळणार नाही. मग चीर कोरून काढली, कोपऱ्याभोवती कोळशाची धग दिली आणि पत्रा हाताला सोसेनासा झाल्यावर जोड भरला. बाळाने त्यावर राख पसरून तो सावकाश निवू दिला. संध्याकाळी रॉकेल लावलं, तेव्हा चुना पांढराच राहिला.

होळीनंतर टाकीत पाणी भरलं. पहिल्या दिवशी मिठागरातल्या बायका हंडे घेऊन आल्या तेव्हा इनास आणि बाळा टाकीच्या मागच्या बाजूला उकिडवे बसून, एकेका सांध्यावरून कोरडा हात फिरवत होते. पुढच्या वर्षी त्याच ठेकेदाराने राई गावात आणखी दोन टाक्यांचं काम घेतलं आणि दोघांनाही बोलावलं. पाळ्या त्यांनी आपसांत ठरवल्या. ज्याला दुपार आवडे त्याने दुपार घ्यावी. बाळाने दुपार घेतली.